बन्सीची ओळ

बानाबाईंना मी कामावर ठेवलं ते फोटो धुवायला. औरंगपुऱ्यात माझा स्टुडिओ. मागच्या अंधाऱ्या खोलीत फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, हायपोच्या वासात दिवसभर उभं राहायला माणूस टिकत नसे. पोरं यायची, आठ दिवसांत डोळे चोळत पळून जायची. बानाबाई टिकल्या. पडेगावहून सकाळच्या बसनं यायच्या, नाकाला पदर लावायच्या नाहीत आणि विचारल्याशिवाय बोलायच्या नाहीत. मला बडबड्या माणसांचा मनस्वी कंटाळा आहे, त्यामुळं आमचं बरं जमलं.

मेंढरांमागची बाई. माहेर धनगराचं, सासर धनगराचं, निम्मं आयुष्य रानात काढलेलं. वाळूजला कारखाने उभे राहिले, चरायची रानं तारेच्या कुंपणात गेली, तशी यांनी मेंढरं विकली. नवरा मुंजाबा एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. काठी तीच, राखायचं तेवढं बदललं. बानाबाई बापाच्या हट्टापायी दहावीपर्यंत शिकल्या होत्या, पण त्या शिक्षणाचं पुढं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ते ठरलं १९९२ साली, मी पुण्याहून एक जुना कॉम्प्युटर आणला तेव्हा. काळा पडदा, हिरवी अक्षरं, चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. आधी भाच्याला शिकायला बसवलं. तो दोन महिन्यांत त्यावर मोटार पळवायचा खेळ तेवढा शिकला. त्याला हाकललं आणि बानाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बघते की." निराला बाजारात त्यांना क्लास लावून दिला. दिवाळीपर्यंत त्यांची बोटं माझ्यापेक्षा बरी चालायला लागली, अर्थात माझी चालतच नव्हती.

ते काम काय होतं ते जरा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. शाळांची फोटोवाली ओळखपत्रं हा तेव्हा नवा धंदा होता. मी शाळेत जायचो, एकेका पोराला स्टुलावर बसवून फोटो काढायचो, कुठलं पोर फिल्मच्या कितव्या रोलवर कितव्या नंबरला आहे ते लिहून आणायचो. शाळेकडून यादी यायची ती कशीही. कुठं आडनाव आधी, कुठं बापाचं नाव गाळलेलं, कुठं एकच पोरगं दोनदा. बानाबाई ती यादी कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये भरायच्या. एका पोराची एक आडवी ओळ, तिच्यात नाव, बापाचं नाव, इयत्ता, रोल, फोटोचा नंबर. मग फ्लॉपीवरून ती शीट ओळखपत्रांच्या प्रोग्रॅमला द्यायची, की तो ओळीमागून ओळ वाचत कार्डावरची नावं छापायचा. हा प्रोग्रॅम पुण्याच्या एका माणसानं लिहिला होता आणि स्वभावानं त्याच्यावरच गेला होता. मध्येच एखादी ओळ रिकामी राहिली, नावाआधी चुकून मोकळी जागा पडली, की अडून बसायचा. कधी कधी अडायचाही नाही, गुपचूप सगळी नावं एक घर खाली सरकवायचा, आणि मिशी फुटलेल्या पोराच्या फोटोखाली कुणा सुमनचं नाव यायचं. म्हणून शीट साफ करणं हेच खरं काम. टाईप काय, कुणीही करतं.

बानाबाईंची त्यात एक पद्धत होती. फोटोंचे छोटे प्रिंट त्या शेजारी ठेवायच्या. ओळ भरून झाली की त्या पोराच्या चेहऱ्यावर बोट ठेवायच्या आणि नाव हलक्या आवाजात म्हणायच्या. मगच पुढची ओळ.

"हे कशाला?" मी एकदा विचारलं.

"मेंढरं आशीच वळखत्यात, काकासाहेब. नाव घेतलं की वर बघतंय."

"मेंढरू बघेल. फोटो कसा वर बघेल?"

"बघतंय," त्या म्हणाल्या.

मी विषय सोडून दिला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. फोटोग्राफरला कसा असणार? एका फिल्मवर दोनदा फोटो घेऊन मी स्वतःच कितीतरी भुतं तयार केली आहेत, लग्नाच्या अल्बमात नवरीच्या तळहातावर नवरा उभा करायचो तो असाच. मेलेल्या माणसांचे फोटोही पुष्कळ काढले. लोक घाईघाईनं बोलवायला येतात, कारण माणूस जिवंत असताना फोटो काढायचा राहून गेलेला असतो. बानाबाईंनी पहिल्याच वर्षी मला विचारलं होतं, ज्याचा एकही फोटो नाही अशा माणसाचा फोटो करता येतो का. मी म्हटलं, नाही, समोर कुणीतरी बसावं लागतं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. तो माणूस कोण, हे मला पुढं कळलं. त्यांचा थोरला मुलगा, बन्सी. पडेगावच्या माळावर एक खदान आहे. कारखान्यांच्या रस्त्यांना तिथून खडी गेली आणि मागं खड्डा राहिला, तो पाण्यानं भरला. सहा वर्षांचा बन्सी कोकराच्या मागं धावत गेला आणि त्यात पडला. त्याच्यानंतरच्या दोन मुली पाळण्यातच गेल्या.

मग झाला कडुबा. नाव ऐकून काय ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या भागात पोरं जगत नसली की पुढच्याला असलंच नाव ठेवतात, दगडू, केरबा, उकिरडा, कडुबा. मुलगा असला तरी नाक टोचतात. हे पोर टाकाऊ आहे, उचलण्यासारखं नाही, असं नेणाऱ्याला भासवायचं, म्हणजे तो ओलांडून पुढं जातो. हसू नका. मी बिडकीनकडच्या शेतकऱ्याच्या घरातला, माझ्या चुलत्याचं नाव दगडू होतं. त्यांच्या आधीची चार गेली, ते मात्र नातवंडांची लग्नं बघून गेले.

१९९३च्या दिवाळीनंतर छावणीपलीकडच्या एका शाळेचं काम आलं. कामगारांच्या मुलांची शाळा, कारखानदारांच्या देणग्यांवर चाललेली. कडुबा तिथंच चौथीत होता. मुख्याध्यापक रामकिसन सर भला माणूस, पण सुधारणेचं भारी वेड. यादी देताना म्हणाले, "काकासाहेब, ही दगडू, केरबा असली नावं कार्डावर नकोत. देणगीदार साहेब कार्यक्रमाला येणार आहेत. पोरांनी मान वर करून आपलं नाव सांगावं. पालकांकडून मी चांगली नावं मागवली आहेत, ती शीटमध्ये घाला."

मी त्यांना नाक टोचण्याबद्दल सांगायला गेलो. ते हसले. "तुम्हीसुद्धा?" म्हणाले.

त्या हिवाळ्यात तसाही शहरात नावाशिवाय दुसरा विषय नव्हता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव होऊन पंधरा वर्षं लोटली होती. मोर्चे झाले, बंद झाले, खेडोपाडी वस्त्या जाळल्या गेल्या, जीव गेले. आता सरकार काहीतरी करणार अशी कुणकुण होती. माझ्या दुकानात आमचेच पाहुणे येऊन बसायचे आणि माझाच चहा पीत म्हणायचे, एवढं काय आहे नावात? एकदा बानाबाई आतून हात पुसत आल्या.

"नावात काय नाय तर लोकायची घरं कामून जाळली मग?"

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. उचलली जीभ लावली टाळ्याला अशी ती माणसं, पण त्या दिवशी एकाची जीभ उचलली नाही. मला मनातून फार बरं वाटलं.

कडुबाचा फोटो मीच काढला. हसरं, चुळबुळं पोरगं. स्टुलावर बसल्या बसल्या त्यानं मला कॅमेऱ्याची किंमत विचारली. उजव्या नाकपुडीला भोक होतं, ते दिसू नये म्हणून मी त्याला मान वळवायला सांगितलं, पण ऐकेल तर तो कडुबा कसला. सरळ माझ्याकडं बघून हसला. भोक कॅमेऱ्यातून मला स्पष्ट दिसलं. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

शीट भरत आली. केरबाचा किरण झाला, दगडूचा दिनेश झाला. एका ओळीत नावाचा रकाना रिकामा राहिला.

"बानाबाई, तुमच्याच पोराचं राहिलंय की."

"कडुबाच लिवते."

"सर नको म्हणतात. विजय घाला, संजय घाला, काहीही घाला. रिकामी ओळ तो प्रोग्रॅम घेणार नाही."

"चांगलं नाव दिलं की पोरगं उघडं पडतंय," म्हणाल्या. "इतकी वर्सं झाकून ठिवलंय म्या त्याला." मग त्यांनी एकदम टाईप करायला घेतलं. कार्डं इंग्रजीत होती. पाच हिरवी अक्षरं उमटली. बन्सी.

"अहो, हे तर थोरल्याचं ना?"

"व्हय. त्या नावाचा कारभार कवाच उरकलाय. एकदा नेलेलं नाव परत न्यायला कोण येतंय?"

तर्क म्हणून बघा, त्यात कुठं खोट सापडते का. मला सापडली नाही. देणगीदारांना चांगलं नाव मिळत होतं, आणि नेणाऱ्याच्या लेखी ते पोर आधीच नेलेलं होतं. बानाबाईंनी रिवाजाप्रमाणं छोट्या प्रिंटवर कडुबाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि हलकेच म्हणाल्या, "बन्सी." बोट चटका बसल्यासारखं मागं आलं.

"काय झालं?"

"काय नाय." पण पुढच्या ओळीवर जायला त्यांना वेळ लागला.

कार्डाचे फोटो मी छापले. सगळे वाळले, एक वाळेना. पुसला, पंख्याखाली ठेवला, दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवला. हाताला ओलाच लागे. नीट धुतला नाही की कागद चिकट राहतो हे मला माहीत आहे, म्हणून मी दुसरा छापला, आणि स्वतः धुतला. तोही तसाच. तेव्हा कुठं मी तो खिडकीशी नेऊन नीट पाहिला. कडुबाच होता. पण हसत नव्हता, आणि नाकाला भोक नव्हतं.

मी निगेटिव्ह भिंगाखाली धरली. कुणी पेन्सिलीनं भोक बुजवलं असतं तर खूण दिसली असती. काही नव्हतं. नाकपुडी आईच्या पोटातून आल्यासारखी नितळ. मी स्वतःला सांगितलं, उजेड फार पडला असेल. पोरं तशीही क्लिक होताना तोंड मिटतात. कार्डं शाळेत पोचवायची होती. मी तो ओला फोटो तसाच प्लॅस्टिकमध्ये बंद केला आणि पाठवून दिला.

नव्या वर्षात शहरात पोलीस दिसायला लागले. रोज नवी अफवा. शाळा बंद झाल्या. बानाबाई मात्र रोज यायच्या, आणि त्यांच्यात काहीतरी फरक पडला होता. त्या गुणगुणायच्या. एक दिवस केसांत फूल होतं. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आता मी पाणी मागितलं तरी हसायच्या. मी मनात म्हटलं, मुंजाबाचा पगार वाढला असेल.

मग एका दुपारी त्या मुलाला बरोबर घेऊन आल्या. शाळा बंद, घरी कोण बघणार, म्हणाल्या. गळ्यात माझं ओळखपत्र घातलेलं. स्टुडिओच्या स्टुलावर भाकरी खात बसला होता.

"काय कडुबा, कॅमेरा घ्यायचा का मग?" मी विचारलं.

त्यानं मान वर केली नाही.

"बन्सी म्हणा," बानाबाई म्हणाल्या.

मी नुसतं ते नाव उच्चारलं. पोरानं वर पाहिलं. तोच चेहरा, पण त्यामागून दुसरंच कुणी बघत होतं. अनोळखी घरात पाहुण्यासारखं, अंग चोरून. भाकरी डाव्या हातात होती. नाकपुडीवर भोक होतं तिथं कातडी सपाट झालेली. मी हात लावून बघितला असता, पण माझं धाडस झालं नाही. खरं सांगतो, मला भीती वाटली, भर दुपारी, रस्त्यावर रिक्षा वाजत असताना.

बानाबाई मला बाजूला घेऊन गेल्या. "बन्सी डावरा व्हता," त्या म्हणाल्या. "काल मला मनला, बुधीला काय झालं, बोकड का पाठ? बुधी आमची शेळी, तवा गाभण व्हती. कडुबाच्या जन्माआधी इकली ती. त्याला कोण सांगंल?" त्यांचा चेहरा एवढा फुलला होता की माझ्यानं बघवेना.

"आणि कडुबा कुठं आहे, बानाबाई?"

त्यांनी आत जाऊन पोराला पाणी दिलं, त्याचं तोंड पदरानं पुसलं, आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. बाजारातून आणलेली वस्तू बघावी तशा नाही. परत द्यावी लागणार असलेली वस्तू बघावी तशा.

दुसऱ्या दिवशी मुंजाबा आला. गेटवरच्या खाकी कपड्यांतच होता, डोळे लाल. आजवर तो माझ्या दुकानात कधी बसला नव्हता, त्या दिवशी सांगायच्या आधीच बसला.

"काकासाहेब, पोरगं खदानीला जातंय. रोज. काठावर बसतंय, पाण्यात पाय सोडून. म्या ओढून आणलं, परत गेलं. आज गुडघ्यापतोर आत व्हतं."

"पण कडुबाला पोहता येतं ना? तूच शिकवलंस म्हणाला होतास."

"कडुबाला येतंय," मुंजाबा म्हणाला. "बन्सीला येत नाय."

मला कुणाचंही काहीही पटवून घ्यायचं नव्हतं. मी उठलो आणि कॉम्प्युटर चालू केला. एक ओळ होती, एक नाव होतं, त्याला एवढं काय. शीट उघडली, चाचपडत का होईना बन्सीच्या जागी कडुबा टाईप केलं, फ्लॉपीवर घेतलं, प्रोग्रॅमला दिलं. प्रिंटर करकरला. कागदावर आलं, बन्सी. जुनी फ्लॉपी असेल म्हणून नवी घातली. पुन्हा बन्सी. पडद्यावर कडुबा दिसत होतं आणि कागदावर बन्सी येत होतं, आणि मी वेड्यासारखा या दोन्हींकडं आळीपाळीनं बघत होतो.

"ते तुमच्या हातानं जायाचं नाय." बानाबाई अंधाऱ्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. "म्या बोलावलंय त्याला."

"मग तुम्ही बदला."

"चार दिस राहू द्या, काकासाहेब." त्या दारातून पुढं आल्या. "त्याला पोटभर बघितलाबी नवता वो म्या. मेंढरामागं ऱ्हायचे. सकाळी जायाचं, अंधार पडल्यावर यायाचं, तवर निजलेला आसायचा. एवढे चारच दिस."

मुंजाबानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "एक माघारी आला मनून दुसरा द्यायचा का?" तो बायकोला म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्या आत निघून गेल्या. पाण्याचा नळ बराच वेळ चालू होता.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. कामात लक्ष लागेना. बस आली की बानाबाई एकट्या उतरतात की पोराला घेऊन, की उतरतच नाहीत, याच्यावर माझा जीव टांगलेला. मुंजाबानं गेटवर रजा टाकली आणि खदानीच्या काठावर काठी घेऊन बसायला लागला. पोरगं येऊन त्याच्या शेजारी बसे. काही बोलत नसे, पाण्याकडं बघे. मुंजाबा त्याच्याशी कडुबाच्या गोष्टी करी, शाळेच्या, गोट्यांच्या. ते पोरगं परक्याचं ऐकावं तसं ऐकून घेई.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली. अर्धी दुकानं बंद, चौकाचौकांत पोलीस, पण भडकल गेटाच्या बाजूनं ढोल ऐकू येत होते आणि लोक एकमेकांना पेढे भरवत होते. माझ्या दुकानासमोर एक म्हातारी रस्त्यातच नाचत होती, निळा पदर डोक्यावर घेऊन. मी पायरीवर उभा राहून बघत होतो. मला आनंद झाला होता. पंधरा वर्षं एका नावासाठी माणसं थांबली होती.

तेवढ्यात बानाबाई आल्या, गर्दीतून वाट काढत. मुलाचा हात घट्ट धरलेला. तो छातीपर्यंत भिजलेला होता, थंडीनं ओठ निळे पडलेले, पण कुडकुडत नव्हता.

"यांचा डोळा लागला जरासा," त्या म्हणाल्या. "तवर हा आत गेला." एवढंच. मग मुलाला स्टुलावर बसवलं, स्वतः कॉम्प्युटरसमोर बसल्या. त्यांनी शीट उघडली. मी टाईप केलेलं कडुबा तिथं नव्हतं. त्या ओळीत पाच अक्षरं होती, तीच.

"वरून नवं नाव टाईप करा," मी म्हणालो. "जुनं आपोआप जातं."

"नाय. अंगावर दुसरं नाव टाकून त्याला दडपायचं नाय मला. हातानं काढते."

त्या शेवटाकडून एकेक अक्षर पुसायला लागल्या. आय गेला. एस गेला. प्रत्येक अक्षरानंतर थांबायच्या, मागं वळून स्टुलाकडं बघायच्या. पोरगं शांत बसलेलं, ओल्या हातानं गळ्यातलं कार्ड धरून. एन गेला. ए गेला. बाहेर ढोल जवळ आले होते. पडद्यावर एकटा बी राहिला आणि त्याच्यापुढं पुढच्या अक्षराची जागा दाखवणारी हिरवी रेघ लुकलुकत होती.

"माय," पोरगं म्हणालं. आवाज सहा वर्षांचा होता. "मी लई दिसानं आलोय गं."

बानाबाईंनी मागं पाहिलं नाही. खांदे तेवढे हलले. "ठावं हाय रं माझ्या राजा," त्या म्हणाल्या, आणि शेवटचं अक्षर पुसलं.

रिकामा रकाना. मग त्यांनी कडुबा टाईप केलं, न थांबता, एका दमात. मागं पोरगं शिंकलं.

"माय, माझी कापडं वली कशानं झाली?" ते विचारत होतं. "आन इथं कामून आणलंस मला? भूक लागली." दात कडाकडा वाजत होते. मी माझी शाल त्याच्या अंगावर टाकली तेव्हा नाकपुडीवरचं भोक पाहिलं. प्रिंटरवर नाव नीट आलं. त्याच बैठकीत मी त्याचा नवा फोटो काढला, तो तासाभरात वाळला. रामकिसन सरांना काय सांगायचं ते मी पुढं सांगितलं, आणि त्यांनी ते एकदाही न हसता ऐकून घेतलं.

बानाबाईंनी मुलाला समोरच्या हॉटेलातून भजी आणून खाऊ घातली. स्वतः काही खाल्लं नाही. पाच वाजता नेहमीसारखी दुकानाची दुसरी किल्ली घेऊन बस धरायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानावर पोचलो तर त्या रस्त्याच्या पलीकडं उभ्या होत्या. मला बघून पुढं आल्या, पण पायरीला पाय लावला नाही. किल्ली माझ्या हातात न देता खाली पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरल्या. रडून रडून चेहरा सुजला होता.

"सुतक हाय," त्या म्हणाल्या. "दहावं झालं की येते."

मी मान हलवली. त्या गेल्या. शेजारचा मोतीराम टेलर कात्री हातात धरून हे बघत होता. तो बाहेर आला.

"बाईंचं कोण वारलं, काकासाहेब?"

"थोरला मुलगा."

"आरारा. कधी?"

"काल," मी म्हणालो, आणि शटर वर केलं.